उडी मी मारली नाही!

मार्च २०२४ मध्ये आमच्या पेठेतल्या एका मंडळाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, झेंडूचा हार आणि चौकटीत बसवलेले मानपत्र. मानपत्रात माझ्या नावाआधी 'धाडसी' असे विशेषण होते आणि पुढे 'वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी बारा हजार फुटांवरून उडी घेऊन बेळगावच्या मराठी माणसाचे नाव सातासमुद्रापार नेणारे' अशी वेलबुट्टी. अध्यक्षांनी भाषणात तानाजी आणला, बाजीप्रभू आणला. यशवंती घोरपड तेवढी आणायची राहिली. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक दैनिकाने छायाचित्र छापले. आभाळात मी, तोंड वासलेले, गाल वाऱ्याने फुगून कानाकडे गेलेले. खाली मथळा : 'ज्येष्ठ शिक्षकाची आकाशझेप'.

मूळ छायाचित्रात दोन माणसे आहेत. पुढे मी, आणि माझ्या पाठीला बांधलेला एक तगडा तरुण. छायाचित्र काढणारा तिसरा, तो आमच्यासमोर आमच्याच वेगाने खाली पडत होता. छापताना जागेत बसावे म्हणून, की मी एकटाच शूर दिसावा म्हणून, कोण जाणे, कोणीतरी मागचा माणूस कापून टाकला. पण कात्री जराशी चुकली. माझ्या उजव्या खांद्यापाशी एक पंजा शिल्लक राहिला आहे, हातमोजा घातलेला. ओळखीच्या चार जणांनी विचारलेही, "सर, हात असा मागून कसा काय आला?"

तो हात माझा नाही, आणि त्या हाताच्या बाजूने मला आज भांडायचे आहे. कोणाशी? सत्कार करणाऱ्या मंडळाशी, छायाचित्र कापणाऱ्याशी, दरवर्षी मे महिन्यात कुठून तरी 'थरार' अनुभवून येणाऱ्या आणि दिवाळीला तो छापून आणणाऱ्या आपल्या सगळ्या प्रवासी मंडळींशी, आणि थोडेसे स्वतःशीही. कारण त्या दिवशी ती शाल मी खांद्यावरून काढली नव्हती.

तर पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. उडी मी मारली नाही. मला नेण्यात आले. टपालाने पार्सल जाते तसा मी गेलो, आणि पार्सल सुखरूप पोचले म्हणून पार्सलाचा सत्कार झाल्याचे कोणी ऐकले आहे काय? "सर, विनय पुरे," असे माझे जुने विद्यार्थी म्हणतात. विनय नव्हे. राजहंसगडाच्या बुरुजावरून खाली बघताना ज्याचे पाय लटपटतात असा मी माणूस. घडले ते जसेच्या तसे सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही उभयता न्यूझीलंडला लेकीकडे गेलो होतो. ऑकलंडच्या दक्षिणेला पावणेतीनशे किलोमीटरवर टाउपो नावाचे सरोवर आहे. एका प्रचंड ज्वालामुखीचे तोंड खचले आणि त्यात पाणी साचले, ते हे सरोवर. क्षेत्रफळ ६१६ चौरस किलोमीटर. राकसकोपच्या जलाशयावर पोसलेल्या आमच्या नजरेला तो समुद्रच. पलीकडच्या टोकाला टोंगारिरो, न्गाउरुहोए आणि रुआपेहू असे तीन डोंगर, ही नावे जावयाने मला तीनदा म्हणून दाखवली. काठावर त्याच नावाचे टुमदार गाव, आणि त्या गावाचा एक धंदा म्हणजे पाहुण्यांना आभाळातून खाली आणणे. लेकीने वाढदिवसाची भेट म्हणून माझे नाव परस्पर नोंदवून टाकले होते. काय पडले ते इथे लिहीत नाही, कारण आमच्या घरी हा अंक आधी स्वयंपाकघरात वाचला जातो.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला परत पाठवले. स्वच्छ ऊन होते, मला तर आभाळात बोट दाखवायला ढग दिसत नव्हता. पण वरचा वारा त्यांच्या मर्यादेबाहेर गेला होता. आमच्या पुढे एक जोडपे हुज्जत घालत होते. उद्या त्यांना मायदेशी परतायचे होते, कसेतरी जमवा म्हणत होते. काउंटरवरची मुलगी हसतमुखाने म्हणाली, "पैसे सगळे परत देते, पण आज नाही." चार-पाच वेळा तेच वाक्य, त्याच हसण्यासकट. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभे केले. अर्जात मी ७४ किलो लिहिले होते. काटा ७८ वर थांबला. तिने काही न बोलता ७४ खोडून ७८ लिहिले. मग मुख्य कागद पुढे आला, चार पाने, बारीक अक्षर. छत्तीस वर्षे हायस्कुलात इंग्रजी शिकवलेला मी, पेन काढून विचारता झालो, "सही कुठे करायची?" लेक म्हणाली, "बाबा, वाचा तरी." आजूबाजूला बघितले तर जपानी, जर्मन, सगळे खाली मान घालून वाचत होते. मी एकटाच पेन उघडून बसलेला.

इथे जरा थांबतो, कारण हे दुखणे एकट्या माझे नाही. आपण सीमाभागातली माणसे कागदाच्या भाषेवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलो. उताऱ्यावर मराठी हवी, नोटिशीवर हवी, घरपट्टीच्या पावतीवर हवी. त्या मोर्चांत मीही चाललो आहे आणि त्या मागणीतले एक अक्षर मी मागे घेत नाही. पण मराठीत छापलेला कागद हाती पडल्यावर तो वाचणारे आपल्यात किती? पतसंस्थेत मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहताना आपण काय करतो? चहा पितो आणि जिथे फुलीची खूण असेल तिथे सही करतो. शुद्ध मराठीत लिहिलेले असते सगळे. मग वसुलीचा माणूस दारात आला की म्हणतो, आम्हाला कोणी सांगितलेच नाही.

असो. मी तो कागद वाचला. त्यात लिहिले होते की हा प्रकार धोक्याचा आहे, यात मृत्यू येऊ शकतो, हे समजून सही करा. 'मृत्यू' हा शब्द कुठेही आडवळणाने लिहिलेला नव्हता. आणि त्या देशाची एक व्यवस्था मला जावयाने समजावली : १९७४ पासून तिथे अपघातासाठी सरकारी निधी आहे. परक्या पाहुण्यालाही इजा झाली तर उपचाराचा बराचसा खर्च त्यातून भागतो, पण त्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी कोणावर दावा लावायला सहसा वाव राहत नाही. हे डोक्यात घेऊन मी सही केली. या सगळ्या प्रकरणात माझ्याकडून काही निर्णय झाला असेल तर तो तेवढाच, आणि तो जमिनीवर, खुर्चीत बसून झाला.

पुढचे सगळे त्या तरुणाचे. या उडीला 'टँडम' म्हणतात, म्हणजे दोघांची जोडउडी. गिऱ्हाइकाच्या अंगावर पट्ट्यांचा एक साज चढवतात, तो खांद्यांपाशी दोन आणि कमरेपाशी दोन अशा चार आकड्यांनी मागच्या माणसाला जोडतात. वाचकहो, नीट लक्षात घ्या : माझ्या पाठीवर पॅराशूट नव्हते. मुख्य छत्री त्याच्या पाठीवर, ती दगा देईल तर दुसरी राखीव छत्री, तीही त्याच्याच पाठीवर. चारही आकडे लावीपर्यंत मी म्हणजे विमानात पॅराशूटवाचून बसलेला एक निवृत्त शिक्षक होतो.

वर चढायला पाऊण तासाच्या तासिकेचाही अर्धा वेळ लागला नाही. दार उघडले तेव्हा पहिली जाणीव थंडीची आणि आवाजाची. तो सरकत सरकत दारापर्यंत गेला, म्हणजे मीही गेलो; मला दुसरीकडे जायला जागाच नव्हती. मग तो काठावर बसला आणि मी त्याच्या पुढे, काठाच्याही बाहेर, नुसता लोंबकळत. शिकवल्याप्रमाणे पाय विमानाच्या पोटाखाली मुडपले, मान मागे त्याच्या खांद्यावर टाकली, दोन्ही हातांनी छातीवरचे पट्टे धरले. 'तयार आहात का?' असे कोणी विचारले नाही. विचारले असते तर काय म्हणालो असतो ते मला पक्के ठाऊक आहे, आणि बहुधा त्यालाही ठाऊक असावे.

जत्रेतल्या पाळण्यात पोटात जो गोळा येतो तो इथे आला नाही, हे पहिले नवल. विमान आधीच वेगात असते, त्यामुळे काहीतरी खाली निसटल्यासारखे वाटत नाही. वाऱ्याच्या भिंतीवर पालथे निजल्यासारखे वाटते. त्या भिंतीचा आवाज मात्र असा की स्वतःची किंकाळी स्वतःला ऐकू येऊ नये. एकटा माणूस पालथा पडतो तेव्हा ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग स्थिरावतो. दोघे एकत्र बांधले की वजन दुप्पट होते पण हवा अडवणारे अंग तेवढे वाढत नाही, त्यामुळे वेग त्याच्या कितीतरी पुढे जातो आणि त्या वेगात मुख्य छत्री उघडली तर माणसांना आणि कापडाला दोघांनाही झटका सोसवत नाही. यावर तोड म्हणजे 'ड्रोग' : दारातून बाहेर पडताच मागचा माणूस एक लहानशी छत्री सोडतो, ती मागे ओढत राहते आणि दोघांचा वेग एकट्याच्या वेगावर आणून ठेवते. गेल्या शतकातल्या ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, फ्लॉरिडात, बिल बूथ आणि टेड स्ट्राँग या दोघांनी ही जोडउडी वापरण्याजोगी केली. तरीही अमेरिकन सरकारने २००१ पर्यंत तिला नियमात पूर्ण जागा दिली नव्हती. तोवर ती खास सवलतीखाली, प्रयोग म्हणून चालली. जवळजवळ वीस वर्षे प्रयोग! आपल्याकडे एखादी गोष्ट दोन रविवार सुरळीत चालली की तिसऱ्या रविवारी तिचा फलक लागतो.

पंचेचाळीस सेकंदांच्या आसपास हे पडणे चालले. मग मागच्याने दोरी ओढली, कोणीतरी मानगुटीला धरून वर उचलल्यासारखे झाले, आणि एकाएकी सगळे गप्प. इतकी शांतता मी यापूर्वी फक्त परीक्षेच्या वर्गात पहिल्या दहा मिनिटांत अनुभवली आहे. खाली सरोवर निळे, काठाशी हिरवट. त्यातून निघालेली वायकाटो नदी गावाला वळसा घालून चाललेली. तो माझ्याशी आता साध्या आवाजात बोलू लागला. त्याचे वडील दुग्धव्यवसाय करणारे, ही त्याची नऊ हजारांच्या पुढची कितवीशी उडी. सुकाणूच्या दोऱ्या त्याने क्षणभर माझ्या हातात दिल्या. मी डावी ओढली, आम्ही डावीकडे वळलो, मला स्वर्ग ठेंगणा झाला. मग त्याने त्या काढून घेतल्या. जसे मी नातवाच्या हातून गाडीचे चाक काढून घेतो तसे, हळूच. पाय उचलायला सांगितले आणि आम्ही गवतावर घसरत बसलो. आमची ही लांबून धावत आली आणि पहिले वाक्य बोलली, "चष्मा आहे का तोंडावर?" होता.

आनंद विचाराल तर शब्द नाहीत. तो मी नाकारत नाही, आणि पुन्हा संधी आली तर पुन्हा जाईन. पण आपली गोची इथेच आहे. नुसता आनंद घेतला असे म्हणायला आपली जीभ जड होते. त्याला पराक्रमाचे वेष्टन लागते. काशीला गेलो तरी 'केली' म्हणायचे, चारधाम 'पूर्ण केले' म्हणायचे, सह्याद्रीतला गड 'सर केला' म्हणायचे, वर पिठले-भाकरी खाऊन आलेलो असलो तरी. २०११ साली 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' हा हिंदी चित्रपट आला, त्यात स्पेनमधल्या एम्पुरियाब्रावाच्या आभाळातून तिघे मित्र उड्या घेतात, त्यांतला एक उंचीला भिणारा. तेव्हापासून तर विमानातून पडणे हा आयुष्याच्या सगळ्या भीतींवरचा काढाच होऊन बसला आहे. माझ्या अनुभवाने सांगतो, परत आल्यावर मी बँकेतल्या व्यवस्थापकाला पूर्वीइतकाच भितो.

'पण दारात जायलाही धैर्य लागतेच की,' असे माझे स्नेही, एक निवृत्त प्राचार्य, म्हणतात. भीती लागते, हे मान्य. मला भरपूर वाटली. पण भीती वाटणे म्हणजे धैर्य असेल तर दंतवैद्याच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला मानपत्र द्यावे लागेल. ज्याला धैर्य म्हणतात ते बघायचे असेल तर पुण्याच्या शीतल महाजन यांच्याकडे बघावे. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी घेतली, आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. छत्री त्यांच्या स्वतःच्या पाठीवर होती. मागे कोणी बांधलेले नव्हते. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्या थायलंडमध्ये नऊवारी नेसून उतरल्या, २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर साडेएकवीस हजार फुटांवरून. त्यांच्यासाठी 'उडी घेतली' हे क्रियापद आहे. तेच क्रियापद माझ्या मानपत्रात टाकताना मंडळाला काही वाटू नये, आणि इंग्रजी असो की मराठी, जन्मभर मुलांची क्रियापदे तपासलेल्या मला ते ऐकून घ्यावे, याचा राग मला अजून आहे.

आता गंभीर भागाकडे येतो. टाउपोहून परतल्यावर जावयाने मला एक हकीकत सांगितली. आधी का सांगितली नाही ते उघड आहे. ७ जानेवारी २०१५ रोजी त्याच टाउपोला असेच एक विमान पर्यटकांना घेऊन उडाले. जमिनीपासून सुमारे दोन हजार फुटांवर इंजिन बंद पडले. विमानात तेरा जण : वैमानिक, सहा कर्मचारी, सहा पर्यटक. कर्मचाऱ्यांनी आपापली गिऱ्हाइके आकड्यांनी जोडून घेतली आणि दारातून बाहेर पडले, शेवटी वैमानिकही. विमान सरोवरात कोसळले. तेराच्या तेरा माणसे छत्रीने खाली आली. त्या सहा पर्यटकांपैकी एकानेही 'मी धाडस केले' असे म्हणावे, असे त्या दिवशी काय होते? त्यांना वाचवले कोणी? वैमानिकाच्याही पाठीवर छत्री असली पाहिजे, या आधी कोणीतरी कागदावर लिहून ठेवलेल्या आणि रोज कंटाळा न करता पाळलेल्या नियमाने. आणि अशा वेळी काय करायचे ते हाताला पाठ असलेल्या सहा माणसांनी.

हे नियम त्या देशाला आभाळातून मिळालेले नाहीत. ४ सप्टेंबर २०१० रोजी दक्षिण बेटावर फॉक्स ग्लेशियर इथे याच धंद्यातले एक विमान उड्डाण करताच कोसळले आणि जळाले. नऊ जण गेले : वैमानिक, चार प्रशिक्षक, चार परदेशी पर्यटक. ते विमान मूळचे शेतात खत टाकण्याच्या जातीचे, बदल करून उड्यांसाठी घेतलेले. पहिल्या चौकशीत वजन शेपटाकडे मर्यादेबाहेर गेल्याचे निघाले. पुढे त्या निष्कर्षावर आक्षेप आले, चौकशी पुन्हा उघडली गेली, आणि एवढ्या एका कारणाने विमान पडले असे म्हणता येत नाही असे चौकशी करणाऱ्यांनी स्वतःच मान्य केले. मला या घटनेतले हे सगळ्यांत मोठे वाटते. आपला अहवाल चुकला असावा म्हणून तो पुन्हा उघडणारी समिती आपण कधी पाहिली आहे का? २०११ साली तिथे साहसी हवाई सहलींसाठी वेगळे नियम आले, असा धंदा करणाऱ्याला हवाई खात्याचे प्रमाणपत्र लागू लागले. माझे चार किलो खोडून लिहिणाऱ्या त्या मुलीचा मला काट्यावर थोडा रागच आला होता. हे कळल्यावर तो गेला.

तरीही अपघात संपलेले नाहीत. २०१८ च्या जानेवारीत क्वीन्सटाउनजवळ वाकाटीपू सरोवरात एक जोडी पाण्यात उतरली; प्रशिक्षकाला वाचवता आले, पर्यटकाला नाही. आभाळातून पडणे बिनधोक असते असे मी म्हणत नाही, ते कागदावरही म्हणत नाहीत. मी म्हणतो ते एवढेच, की माझ्या खांद्यामागचा हात एका माणसाचा नव्हता. ज्याने राखीव छत्री घडी घालून सही केली तो, ज्याने इंजिनाची वही भरली तो, 'आज नाही' म्हणणारी ती मुलगी, आणि १९९१ साली हेल्मुट क्लोथ नावाच्या जर्मन माणसाने बाजारात आणलेले ते काडेपेटीहून थोडे मोठे यंत्र. जोडउडीत दोघेही बेशुद्ध पडले आणि वेग कमी झालेला नसला तर सुमारे एकोणीसशे फुटांवर ते आपण होऊन राखीव छत्री उघडते. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नियमानुसार निदान पाचशे उड्या आणि तीन वर्षांचा अनुभव असल्याशिवाय कोणी माणसाला पाठीशी बांधू शकत नाही. सत्कार करायचा तर या वह्यांचा करा.

आणि आता आपल्या घराजवळ या. १८ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी गोव्यात केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना पुण्याची सत्तावीस वर्षांची तरुणी आणि तिचा चालक, दोघे दरीत कोसळून गेले. चोर्ला घाट उतरल्यावर आपल्याला लागते ते सत्तरीतले केरी नव्हे. हे पेडण्याचे, तेरेखोलच्या अलीकडचे. पॅराग्लायडिंग वेगळे, तिथे विमान नसते, कड्यावरून धावत हवेत शिरायचे असते. पण मुद्द्याची गोष्ट तीच : मागे चालक, पुढे गिऱ्हाईक, दोघे एका साजात. हा धंदा परवान्याशिवाय चालला होता असे पोलिसांनी सांगितले आणि चालवणाऱ्यावर गुन्हा नोंदवला. चालक नेपाळहून पोटासाठी आलेला, तोही तरुणच. बातमी चार दिवस चालली, त्यात त्याच्या वाट्याला दीड ओळ आली. तोही छायाचित्रातून कापला गेला.

आमच्या कट्ट्यावर त्या बातमीची चर्चा झाली. एक जण म्हणाले, "वेळ भरली होती बिचारीची." दुसरे म्हणाले, "कशाला जायला होवं असल्या ठिकाणी पोरीबाळींनी?" तिसऱ्यांनी माझ्याकडे बघून हसत म्हटले, "सर, तुमचं नशीब बलवत्तर बघा." मी त्या दिवशी चहा अर्धा टाकून उठलो. टाउपोच्या तेरा जणांचे विमान तळ्यात बुडाले, त्यांची वेळ कशी भरली नाही? तेराही जणांचे नशीब एकाच मिनिटाला बलवत्तर झाले? जिथे वही भरली जाते तिथे नशीब बलवत्तर असते आणि जिथे परवानाच नसतो तिथे वेळ भरते, हा योगायोग आपल्याला कधी खटकत कसा नाही? आणि पोरीबाळींनी जाऊ नये हे तर फारच सोपे झाले. जाऊ नये कोणी, तर ज्याच्याकडे परवाना नाही त्याने पठारावर जाऊ नये.

हा दोष फक्त सरकारवर ढकलून मी मोकळा होत नाही. मागणारे आपण असतो. आता हरियाणात नारनौलला, मध्य प्रदेशात उज्जैनला जोडउड्या होऊ लागल्या आहेत. इंदूर-ग्वाल्हेरचे आपले नातलग तिथे जाऊन आल्याचे कानावर येते. आनंद आहे. पण आल्यावर ते दाखवतात काय? चित्रफीत. प्रशिक्षकाच्या किती उड्या झाल्या होत्या, राखीव छत्रीची घडी कधीची होती, वाऱ्याची मर्यादा किती, हे विचारले का म्हटले की तोंडाकडे बघतात. कांदे घेताना आपण चार उलटेपालटे करून बघतो.

एप्रिल २०२५ मध्ये, परीक्षा संपल्यावर, पुतण्याच्या मुलाला घेऊन आम्ही गोव्याला गेलो. एका किनाऱ्यावर पॅरासेलिंग चालू होते, होडीला दोर बांधून छत्रीने वर नेतात ते. पोरगा हट्टाला पेटला. मी म्हटले चल, काही विचारू या. टेबलावर बसलेल्या माणसाला परवाना बघायला मागितला. तो म्हणाला, "ऑफिसात आहे." ऑफिस कुठे? "गावात." आज वारा किती आहे, किती झाला की बंद करता? तो दर्याकडे बघून म्हणाला, "हा काय वारा? तुम्ही बसा हो काका, हितं आजपर्यंत कुणाला काय झालेलं नाही." वजन कोणी विचारले नाही. कागदही नव्हता, सही कुठे करायची हा प्रश्नच मिटलेला. आम्ही रांगेतून बाहेर आलो तेव्हा मागच्या एका गृहस्थाने, बोलण्यावरून आपल्याकडचाच असावा, मला ऐकू जाईल असे बायकोला सांगितले, "म्हातारा भितोय."

शहाळे पिऊन परतीला लागलो. चोर्ला घाटात पोरगा खिडकीकडे तोंड करून बसला होता. कणकुंबी गेली तरी बोलेना. जांबोटीला चहाला थांबलो तेव्हा त्याने माझ्या फोनमधले ते कापलेले छायाचित्र काढले, बराच वेळ बघितले आणि विचारले, "आजोबा, ह्याचं अख्खं कुठाय?" अख्खे छायाचित्र घरी कपाटात होते. घरी पोचल्यावर रात्री काढून दिले. मानपत्राची चौकट उघडून त्याने ते आत बसवले आहे. मानपत्र त्याच्या मागे गेले. मंडळाचे अध्यक्ष परवा दिवाळीच्या वर्गणीला आले होते, त्यांनी ते पाहिले आणि काही न बोलता पावती फाडली.